फसलेले प्रयोग आमच्या वाट्याला

इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला आलेला माणूस काम आटोपून पाना-पक्कड पिशवीत भरत होता आणि मध्येच थांबला. पुस्तकांच्या कपाटावर बाबांचा फोटो आहे, तिकडे त्याचं लक्ष गेलं होतं. "हे सर तुमचे कोण?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, वडील. त्यानं पक्कड खाली ठेवली, हात पॅन्टला पुसले आणि फोटोसमोर जाऊन हात जोडले. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले हे त्याला ठाऊक नव्हतं. थोडा वेळ तो तसाच उभा राहिला. मग एकदम मोकळा झाल्यासारखा बोलू लागला. आठवी ते दहावी सर होते म्हणे विज्ञानाला. एकदा सरांनी गुलाबी कारंजं करून दाखवलं होतं, उपडा टांगलेला काचेचा चंबू, खाली पाण्याचं भांडं, आणि कुणी हात न लावता पाणी आपोआप वर उसळून आत गुलाबी होत गेलं होतं. "अजून डोळ्यांपुढे आहे, ताई. बाकीच्या सरांचे प्रयोग कधी व्हायचे, कधी नाही व्हायचे. आमच्या सरांचा एकही प्रयोग कधी फसला नाही."

मी "हो" म्हटलं.

तो गेला, दार लावलं, आणि त्या "हो"नं मला छळायला सुरुवात केली. एक तर ते खरं नव्हतं. बाबांचे प्रयोग फसायचे, आणि किती फसायचे हे माझ्याइतकं, ताईइतकं आणि आईइतकं कुणालाच माहीत नाही. वर्गात करायचा प्रत्येक प्रयोग आदल्या रात्री घरी करून बघायचा हा त्यांचा नेम होता, आणि फसायचा तो त्या रात्री. शाळेला जमलेले प्रयोग मिळाले, फसलेले आमच्या वाट्याला आले. तो माणूस इतक्या मायेनं बोलत होता, त्याचे डोळे भरले होते, आणि माझ्या मनात मात्र कुठेतरी खोल एक जुनी ठिणगी पेटली होती. तिला हेवा म्हणतात हे मला कळतं. शाळेतल्या पन्नास-साठ मुलांना ते उत्साहानं फुललेले बाबा मिळायचे. आम्हाला रात्री साडेदहाला कपाळाला आठ्या घालून चंबूकडे बघणारे मिळायचे.

त्या गुलाबी कारंज्याचंच सांगते. नवसागर आणि विरलेला चुना एकत्र तापवला की अमोनिया वायू सुटतो. तो हवेपेक्षा हलका, म्हणून उपड्या चंबूत गोळा करायचा. पाण्यात तो इतका विरघळतो की एका मापाच्या पाण्यात जवळजवळ ७०० मापं वायू मावतो. म्हणजे चंबूत पाण्याचे दोन-चार थेंब शिरले की आतला बहुतेक वायू त्यातच गडप होतो, आत पोकळी होते आणि बाहेरच्या हवेचा दाब खालचं पाणी नळीतून वर रेटतो. पाण्यात आधीच फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकलेले असले की वर चढलेलं पाणी गुलाबी होतं. एवढं सरळ. पण आमच्या गच्चीवर ते तीन रात्री झालं नाही. आईचे डोळे चुरचुरले, ताईला ठसका लागला, शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या, आणि नळीतलं पाणी बोटभर चढून तिथंच थांबलं. चौथ्या रात्री आईनं चंबू दिव्यासमोर धरला आणि म्हणाली, "अहो, हा आतून ओलाच आहे की." धुतल्यावर राहिलेला ओलावा काचेला चिकटून होता, आणि कारंजं व्हायच्या आधीच अमोनिया त्यात जिरून जात होता. पाचव्या दिवशी चंबू उन्हात वाळवला, मग गरम इस्त्रीच्या वर धरून आतली शेवटची दमट हवा घालवली. त्या रात्री गच्चीवर पाणी उसळलं, तेव्हा बाबांनी टाळी वाजवली नाही की काही बोलले नाहीत. घड्याळात बघून म्हणाले, "बावीस सेकंद. पुरेसं आहे." दुसऱ्या दिवशी वर्गात काय झालं ते मला परवा, त्या माणसाच्या तोंडून कळलं.

आईला बाबांच्या शर्टांवरून शाळेत काय शिकवून झालं ते कळायचं. सौम्य सल्फ्युरिक आम्लाचा शिंतोडा उडाला की त्या वेळी काहीच दिसत नाही. कापडावर पाणी वाळत जातं तसं आम्ल तीव्र होत जातं आणि पुढच्या धुण्यात तिथं भोक पडतं. बाह्यांवर पाण्याचा फवारा उडावा तशी बारीक भोकांची रांग. आई शिवणकाम करायची, तिनं ती सगळी भोकं आतून चकत्या लावून बुजवली. सिल्व्हर नायट्रेटचे डाग बोटांवर उमटायचे तेही तसेच उशिरा, घरी आल्यावर, उजेडात हळूहळू काळे पडत. लहानपणी मी ते डाग साबणानं घासून काढायचा प्रयत्न करायची. बाबा हात पुढे करून शांत बसायचे आणि दहा मिनिटांनी म्हणायचे, "आता कातडीच बदलेल तेव्हा जातील. आठवडाभर मोज." मी खरंच मोजायचे.

घर त्यांनी दुर्लक्षित ठेवलं असं कुणी म्हणू शकणार नाही, मीसुद्धा नाही. सकाळी आमच्या दोघींच्या वेण्या ते घालायचे, कारण आईच्या मशीनवरच्या कामाची ती वेळ होती. तीन पेडांची वेणी ते अशी घट्ट आणि सारखी घालायचे की शाळा सुटेपर्यंत एक केस हलत नसे. मला टायफॉइड झाला तेव्हा उशाशी आलेखकागद चिकटवला होता. आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर ताप. दर चार तासांनी थर्मामीटर झटकून लावायचे, टोकदार पेन्सिलीनं ठिपका द्यायचे आणि आधीच्या ठिपक्याला जोडायचे. रात्री दोनलाही, पहाटे सहालाही. मला ग्लानीत तो आलेख म्हणजे डोंगररांग वाटायची. एका पहाटे त्यांनी मला हलवून उठवलं आणि कागद दाखवला. रेघ पहिल्यांदाच खाली वळून खालीच राहिली होती. आई रडत होती. बाबा पेन्सिलीला टोक करत होते, पुढच्या ठिपक्यासाठी, आणि पात्याखालून निघणारी साल थरथरत होती. हात थरथरत होता हे मला कितीतरी वर्षांनी उमगलं.

लंबकाची गोष्ट आमच्या घरात अजून निघते. गुरुत्वत्वरण काढायचं होतं. क्रीडाविभागातून गोळाफेकीचा लोखंडी गोळा आणला, जाळीच्या पिशवीत बांधला आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला हूक ठोकून टांगला. वीस आंदोलनं, स्टॉपवॉच ताईच्या हातात, मोजणं माझ्याकडे. सूत्रात आकडे घातले की उत्तर ९.८ यायला हवं. येत होतं ९.३. पुन्हा केलं, ९.३. बाबांना स्टॉपवॉचची शंका आली, मग ताईच्या अंगठ्याची, मग हुकाची. तीन दिवस स्वयंपाकघरात जायचं तर गोळा हातानं थोपवून जावं लागायचं. शेवटी आईनं मशीनवरून मान वर न करता विचारलं, "तुम्ही दोरी मोजलीत. गोळा कुठे मोजलात?" लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. बाबांनी ती गाठीपर्यंतच धरली होती, म्हणजे पाच सेंटिमीटर कमी, आणि बरोबर तेवढ्यानं उत्तर खाली येत होतं. बाबांना हे माहीत नव्हतं असं नाही, त्यांनी ते शेकडो मुलांना सांगितलं असेल. पण आईला ते तिच्या कामातून ठाऊक होतं. बाहीचं माप खांद्याच्या नेमक्या कोणत्या बिंदूपासून धरायचं यावर तिचं सगळं शिवण उभं होतं. बाबा गोळ्याजवळ उभे राहून तिच्याकडे बघत राहिले. त्यांची ती नजर आठवली की आजही मला आत काहीतरी हलल्यासारखं होतं.

आणि आता मेणबत्तीचं.

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही, ताईलाही नाही. ताटलीत पाणी, पाण्यात उभी मेणबत्ती, वर पालथा पेला. मेणबत्ती विझते, पेल्यात पाणी चढतं. अनुमान पाठ असायचं: ज्योतीनं ऑक्सिजन वापरला, हवेत तो एक पंचमांश असतो, म्हणून पाणी तेवढं चढलं. बाबा हा प्रयोग अकरा वर्षं असाच शिकवत होते. फॅरेडेवर त्यांची भक्ती होती. बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेल्या या माणसानं १८६०च्या हिवाळ्यात लंडनमध्ये नुसत्या एका मेणबत्तीवर मुलांना सहा व्याख्यानं दिली, आणि आपल्याला पस्तीस मिनिटांचा एकच तास मिळतो, ही खंत ते दरवर्षी बोलून दाखवायचे. मी नऊ वर्षांची होते. दिवे गेले होते म्हणून घरात तीन मेणबत्त्या पेटलेल्याच होत्या. मी सहज म्हटलं, "बाबा, एकाच्या जागी तिन्ही ठेवल्या तर?" ते म्हणाले, पेला तोच, हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच, पाणी तेवढंच चढेल. "ठेवून बघ." मी ठेवल्या. पाणी पहिल्यापेक्षा खूप वर चढलं, जवळजवळ दुप्पट.

बाबांनी पेला उचलला, पुसला, पुन्हा केलं. मग दोन मेणबत्त्यांनी, मग पुन्हा तिन्हींनी. मग खाली वाकून, गाल टेबलाला लावून बघत राहिले. पेला ठेवता ठेवता कडेनं बुडबुडे बाहेर पडत होते. आणि ज्योत जळत असताना पाणी जेमतेम हलत होतं, ती विझल्यावर एकदम वर धावत होतं. ऑक्सिजन संपत जाण्यानं पाणी चढत असेल तर ते जळतानाच चढायला हवं. ते काहीच बोलले नाहीत. त्या रात्री ते माझ्याशी बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालतानाही नाही. नेहमीपेक्षा वेणी सैल पडली होती. मी शाळेत बाकावर बसून दिवसभर एकच विचार करत होते, मी बाबांना चुकीचं ठरवलं म्हणून ते रागावले. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्यांच्या रात्रीच्या प्रयोगांना गेले नाही. अभ्यास आहे म्हणायचे. पुढे मी वाणिज्य शाखा घेतली. त्याला दहा कारणं होती, पण ती सैल वेणी त्यातलं एक होतं, असं मला आज लिहिताना वाटतं.

खरं कारण मला कॉलेजात कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून. मेणबत्तीवर पेला येतो तेव्हा तिच्या भोवतीची हवा तापून फुगलेली असते, थोडी बाहेर निसटते. ते बुडबुडे तिचे. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. मेणबत्त्या तीन तर उष्णता जास्त, निसटलेली हवा जास्त, पाणी जास्त. ज्योत तर सगळा ऑक्सिजन संपायच्या कितीतरी आधीच विझते. एक पंचमांशाचा आकडा कधीकधी जुळतो तो निव्वळ योगायोगानं. मला हे समजलं तेव्हा बाबांना सांगावंसं वाटलं, पण जीभ रेटली नाही.

त्यांचं सगळ्यात आवडतं फसलेलं माणूस मात्र ल जांती. हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १७६० साली शुक्राचं अधिक्रमण बघायला निघाला. सूर्याच्या तबकडीवरून शुक्राचा काळा ठिपका सरकत जातो, ते मोजलं की सूर्याचं अंतर काढता येतं. पाँडिचेरी गाठायची होती, पण युद्धात ती इंग्रजांच्या हाती गेली आणि १७६१चं अधिक्रमण त्याला हलत्या जहाजावरून बघावं लागलं, मोजमाप झालं नाही. पुढचं आठ वर्षांनी होतं. तो थांबला. १७६९मध्ये पाँडिचेरीत वेधशाळा बांधून सज्ज बसला, आणि नेमक्या त्या सकाळी ढग आले. अकरा वर्षांनी मायदेशी परतला तर तिथं त्याला मृत ठरवलेलं होतं आणि मालमत्तेवरून वारसांत भांडणं लागली होती. २००४च्या ८ जूनला बाबांनी आम्हाला हे अधिक्रमण दाखवलं. दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडली होती. १८८२नंतरचं ते पहिलंच, म्हणजे ते पाहिलेलं एकही माणूस तेव्हा जगात हयात नव्हतं. आई दर अर्ध्या तासानं ठिपक्याच्या जागी पेन्सिलीनं खूण करत होती. संध्याकाळी पुठ्ठ्यावर खुणांची एक रांग उरली. ती बाबांनी फ्रेम करून घेतली. २०१२च्या जूनमध्ये मात्र आम्ही पहाटेपासून पुठ्ठा मांडून बसलो आणि आभाळ उघडलंच नाही. माझा मुलगा पाच वर्षांचा होता, त्यानं विचारलं, आजोबा, पुन्हा कधी? बाबा म्हणाले, "डिसेंबर २११७." त्यांच्या आवाजात जराही खळखळ नव्हती. मग म्हणाले, "ल जांतीचं एकच चुकलं. तो एकटा गेला. ढग काय, कुणालाही येतात."

शेवटच्या आजारात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर त्यांच्या उशाशी असायचा. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार जातात, ऑक्सिजन असलेलं रक्त एकाला जास्त अडवतं, ऑक्सिजन नसलेलं दुसऱ्याला, त्यावरून आकडा निघतो, हे त्यांनी मला धापा टाकत, तीन-तीन शब्दांनी थांबत समजावलं. वहीत ते स्वतःच नोंदी करायचे: वेळ, आकडा, कोणतं बोट. एकदा रात्री तीनला ८६ दिसलं आणि मी घाबरून फोनकडे धावले, तर म्हणाले, "थांब. बोट गार आहे. गार बोटावर भरवसा ठेवायचा नाही." तळहात चोळून पुन्हा लावला, ९१ आलं. मला त्यांचा राग आला होता. मला ते बोलायला हवे होते, कशाहीबद्दल, माझ्याबद्दल, आईबद्दल, आणि ते बोटांची तुलना करत होते. मग त्यांनी माझा हात ओढला आणि तो चिमटा माझ्या बोटाला लावला. आकडा स्थिर होईपर्यंत बघत राहिले. "९८," म्हणाले. "छान." वहीत माझ्या नावापुढे त्यांनी तो लिहून ठेवला. ती वही मी पुन्हा उघडलेली नाही.

आईला मी परवाचा प्रसंग सांगितला, आणि सांगता सांगता इतक्या वर्षांनी मेणबत्तीचंही सांगून टाकलं. आई शिवायचं सोडून माझ्याकडे बघत राहिली. "रागावले होते? अगं, ते गप्प झाले म्हणजे त्यांना काहीतरी मनापासून पटलेलं असायचं. मी गोळ्याचं बोलले तेव्हा दोन दिवस गप्प होते." मला ते लगेच मानता येईना. आईनं बाबांची बाजू घेणं मी जन्मभर पाहिलं आहे.

आठ दिवसांनी तो माणूस पुन्हा आला, बॅटरीचं वॉरंटी कार्ड द्यायचं राहिलं होतं. मी त्याला बसायला सांगितलं आणि मनात घोळत होतं ते बोलून टाकलं. म्हटलं, मागच्या वेळी मी खोटं बोलले. सरांचे प्रयोग फसायचे. गुलाबी कारंजं आमच्या गच्चीवर तीन रात्री फसलं होतं, चंबू ओला होता म्हणून. मला वाटलं त्याला वाईट वाटेल. त्याचा चेहरा उलट उजळला. "हो, म्हणजे आईंनी सांगितलं होतं तेच ना? चंबू दिव्यासमोर धरून बघायचा. सर आम्हाला चंबू हातात घेऊ द्यायचे नाहीत, आधी विचारायचे, आईंची तपासणी झाली का?" मग आठवून आठवून म्हणाला, "आणि गोळ्याचा मध्य. तोही आईंचाच."

मी विचारलं, मेणबत्तीचा प्रयोग आठवतो का?

"एक आणि तीन?" तो म्हणाला. "सर पुस्तकातलं अनुमान फळ्यावर लिहायचे, आणि मग त्यावर काट मारायचे. म्हणायचे, अकरा वर्षं मी हे चुकीचं शिकवलं, ज्या मुलांना शिकवलं त्यांना आता कुठे शोधू. आम्ही बुडबुडे मोजलेत, ताई, टेबलाला गाल लावून." तो थांबला. माझ्याकडे नीट बघू लागला, जणू हिशेब जुळवत होता. "सरांना मुली किती?"

"दोन."

"मग धाकट्या तुम्ही? त्या प्रयोगाला पुस्तकात दुसरंच नाव आहे. आमच्या प्रयोगवहीत सरांनी सगळ्यांना वर लिहायला लावलं होतं. लेकीचा प्रयोग."